लांडगीण, नांगर आणि पुण्यातली गाढवं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त गाढवांचा भाग राहू द्या, त्यांच्यासाठीच तर हा सगळा उद्योग.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्याकडं एका वाचकाचं पत्र आलं होतं, की पुण्यात पुतळे आता पुरे, चौक मोकळे करा, ट्रॅफिक अडतं वगैरे. वाचून मला आधी पटलंच होतं. कारण मागच्या वर्षी नातू सुट्टीत आला होता तेव्हा मी त्याला म्हणलं, चल तुला कोपऱ्यावरचा पुतळा दाखवतो, कोण आहेत ते सांगतो, तर रस्ता ओलांडायलाच आमची दहा-बारा मिनिटं गेली, एक रिक्षावाला थांबला तर मागचा बुलेटवाला त्याच्या नावानं शंख करत सुटला, कसेबसे मधल्या बेटावर पोचलो तर भोवती जाळी, जाळीला दार, दाराला कुलूप, आत वाळलेला हार, आणि जाळीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असा बांधलेला की पुतळ्याचा चेहराच दिसेना. नातवानं फ्लेक्सवरच्या गॉगलवाल्या माणसाकडं बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हेच का?" मी नाही म्हणलं आणि त्याचा हात धरून परत फिरलो. ते दहा मिनिटांचं ओलांडणं परत एकदा, उलट्या बाजूनं.

तेव्हा पुतळ्यांबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. यंदा मे महिन्यात ते बदललं आणि ते बदललं रोमानियात एका लांडगिणीमुळं, म्हणून लिहितोय.

माझी लेक आणि जावई दोन वर्षांसाठी तिमिशोआरा म्हणून गाव आहे तिकडं आहेत. रोमानियाच्या पश्चिमेला, हंगेरी आणि सर्बिया दोन्ही जवळ. जावई गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, म्हणजे चाकण सोडून गेला तो दुसऱ्या चाकणात जाऊन बसला. गाव अडीच लाख वस्तीचं, आपल्या हिशेबानं एक मोठं उपनगर. पण मिजास बघा, १८८४ साली रस्त्यावर विजेचे दिवे लावणारं युरोपच्या मुख्य भूमीवरचं पहिलं शहर आम्ही, हे तिथला माणूस तुम्हाला पाच मिनिटांत सांगणार. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

गावाच्या मधोमध लांबच्या लांब चौक आहे, पियात्सा व्हिक्टोरिए, म्हणजे विजय चौक. चौक कसला, मैदानच म्हणा, एका टोकाला ऑपेरा, दुसऱ्या टोकाला ऑर्थोडॉक्स पंथाचं मोठं चर्च, मधे फुलांचे वाफे, बाकडी, एक माशांचं कारंजं, आणि गाडी एकही नाही. रोज संध्याकाळी जावयाला उशीर व्हायचा म्हणून आम्ही दोघं नातवाला घेऊन तिथं जाऊन बसायचो. माझी बाकड्याची जागा ठरून गेली होती, सारसबागेत पेन्शनरांची ठरलेली असते तशी. आणि त्या बाकड्यासमोर खांबावर ती.

उंच दगडी खांब, त्याच्यावर काशाची लांडगीण, मान वळवलेली, तोंड अर्धवट उघडं, दात दिसतात, मानेवरच्या केसांची बारीक बारीक वळणं अगदी ओळीनं मारलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आणि पोटाखाली दोन उघडी बाळं, वर तोंड करून दूध पितायत. रोम्युलस आणि रेमस. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, राजाच्या भांडणात जुळ्या पोरांना टोपलीत घालून नदीत सोडलं (कर्ण आठवला ना, मलाही तोच आठवला), टोपली काठाला लागली, लांडगिणीनं दूध पाजून जगवलं, मग एका मेंढपाळानं वाढवलं, आणि मोठं झाल्यावर त्यातल्या एकानं रोम वसवलं. इसवी सनापूर्वी ७५३, तारीखसुद्धा ठरवून टाकलीय त्यांनी, २१ एप्रिल.

आमच्या हिनं पहिल्या दिवशी तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पान्हा आहे म्हणजे हिची स्वतःची पिल्लं असणार ना. ती कुठायत?" ३४ वर्षं बँकेत कॅश मोजली मी, हिशेबात काय राहिलंय ते मला चटकन दिसतं असा माझा समज होता, पण हे मला नसतं सुचलं. नंतर घरी येऊन जावयाच्या कॉम्प्युटरवर शोधलं तर त्या पिल्लांचं काय झालं हे कुणीच धड सांगत नाही. रोमन लोकांना स्वतःलाच ही गोष्ट जरा अवघड जायची बहुतेक, कारण त्यांच्या भाषेत लांडगिणीला जो शब्द आहे, लुपा, तोच बाजारबसवीलाही वापरायचे, तेव्हा जनावर नसेल हो, मेंढपाळाची बायकोच तसली असेल अशीही कुजबुज त्यांच्याच जुन्या इतिहासकारानं लिहून ठेवलीय. छापायचं का ते तुमचं तुम्ही बघा.

तर ही लांडगीण तिमिशोआरात आली कशी. रोम शहरानं १९२६ साली ती भेट दिली. मूळची रोममधे कॅपिटोलाइन म्युझियममधे आहे, ही तिची नक्कल. तशा नकला रोमनं बऱ्याच वाटल्यात, बुखारेस्टला १९०६ साली, शेजारच्या मोल्दोव्हातल्या किशिनाऊला १९२१ साली. म्हणायचं काय तर तुमचं आणि आमचं रक्त एक, आपण सगळे रोमन. रोमानिया हे नावच त्यातनं आलं. भाषा पण लॅटिनचीच लेक. नातू तिथल्या शाळेत आकडे शिकला ते मला म्हणून दाखवायचा, उनु, दोई, त्रेई, पात्रु, आणि पाचाला चिंच. चिंच! हसून हसून मेलो आम्ही. पण पुढं बघा, साताला शाप्ते, आठाला ओप्त, नवाला नोउअ. दाताला म्हणतात दिंते. नव्याला नोउ. मी मनात म्हणलं, एक रक्त म्हणता तर आम्हालाही धरा की त्यात, जरा लांबचे असू, चुलत-चुलत.

आता यात गंमत अशी की इथल्या ज्या लोकांना रोमनांनी जिंकलं ते दाकियन, त्यांचं स्वतःचं निशाण काय होतं, तर लांडग्याच्या तोंडाचा झेंडा, पोकळ धातूचं डोकं आणि मागं कापडी शेपूट. सम्राट त्राजाननं दोन लढाया केल्या, इसवी सन १०१ ते १०२ आणि १०५ ते १०६, दाकियनांचा राजा देसेबाल, त्यानं हाती लागायच्या आत स्वतःला संपवलं, आणि त्या विजयाचा भलाथोरला दगडी स्तंभ ११३ साली रोममधे उभा राहिला, तो आजही आहे, त्याच्यावर ते लांडग्याचे झेंडेसुद्धा कोरलेत. म्हणजे हरणाऱ्याचाही लांडगा आणि जिंकणाऱ्याचीही लांडगीण. आणि रोमानियाचे लोक दोन्ही आपलेच म्हणतात, देसेबालचा चेहरा डॅन्यूबच्या काठी अख्ख्या कड्यात कोरलाय, आणि त्राजानही त्यांना बापाच्या जागी. रोमन तिथं राहिले किती, तर जेमतेम पावणेदोनशे वर्षं, तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियननं फौज काढून घेतली. एवढ्या भांडवलावर अठराशे वर्षं नाव चालवलंय.

पण मी कॅशियर, मला फुकट भेट म्हणलं की आधी चिठ्ठी बघायची सवय. हे तिमिशोआरा ज्या बनात प्रांतात आहे तो दीडशेपेक्षा जास्त वर्षं तुर्कांकडं होता, मग १७१६ पासून ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांकडं, नंतर हंगेरीच्या कारभारात, आणि पहिल्या महायुद्धानंतर रोमानियाच्या पदरात पडला. म्हणजे पुतळा आला तेव्हा गाव रोमानियात येऊन दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. गावात हंगेरियन, जर्मन, सर्ब, ज्यू सगळे राहतायत. अशा वेळी मधल्या चौकात लांडगीण उभी करायची म्हणजे काय, सातबाऱ्यावर नाव लावणं झालं ते. बघा, अठराशे वर्षांपासून जमीन आमच्या वहिवाटीत आहे. आणि पाठवणारं रोम तेव्हा मुसोलिनीचं, त्यालाही जुन्या रोमचा वारस म्हणवून घ्यायचंच होतं. किशिनाऊची लांडगीण तर १९४० मधे रशियन आल्यावर गेलीच, त्यांना तो सातबारा नको होता. १९९० मधे गावानं नवी आणून बसवली.

आणि ज्या मूळ पुतळ्यावरनं एवढं सगळं, त्याचंच वय खोटं निघालं. शेकडो वर्षं सगळे सांगत होते की ती अडीच हजार वर्षांपूर्वीची, रोमच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी घडवलेली. खालची बाळं मात्र पंधराव्या शतकाच्या शेवटी जोडली हे आधीपासून माहीत होतं. मग अलीकडं शास्त्रीय तपासण्या झाल्या तर निघालं की लांडगीणसुद्धा मध्ययुगातली, अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची. तिथं चौकात कुणाला याचं काही सोयरसुतक नाही. लोक तिच्याखाली भेटायचं ठरवतात. आपण अलका टॉकीजला भेटू म्हणतो ना, तसं लांडगिणीपाशी भेटू.

मला आवडलं ते हे. रोज संध्याकाळी बघायचो, कॉलेजची पोरं खांबाच्या पायरीवर आइस्क्रीम खात बसलेली, एक म्हातारा कबुतरांना पाव घालायचा आणि मधूनच वर बघून लांडगिणीशी काहीतरी बोलायचा, लहान पोरं खांबाभोवती पकडापकडी खेळायची. हार नाही, जाळी नाही, फ्लेक्स नाही. १९८९ च्या डिसेंबरमधे तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्याविरुद्ध पहिला उठाव याच गावात झाला, याच चौकात लाख माणूस जमलं, गोळीबारात माणसं मेली, २० डिसेंबरला ऑपेराच्या गच्चीवरनं त्यांनी शहर मुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती तेव्हाही खांबावर होती. लेकीच्या शेजारच्या आजी आहेत त्यांनी हातवारे करून मला सांगितलं की त्या तेव्हा तिथं होत्या, लेक भाषांतर करत होती, आणि त्यांनी जागा दाखवली ती लांडगिणीवरनंच, तिच्या शेपटीच्या बाजूला आम्ही उभे होतो, असं.

आता पुण्याकडं येतो.

तिथनं परत आल्यावर मी जरा वाचायला लागलो, रिकामटेकडा माणूस, आणि रोम वसवलं म्हणजे नक्की केलं काय हे मला बघायचं होतं. तर त्या गोष्टीत असं आहे की रोम्युलसनं एक बैल आणि एक गाय अशी जोडी नांगराला जुंपली, नांगराला काशाचा फाळ लावला, आणि गावाची हद्द नांगरून काढली. ढेकळं आतल्या बाजूला पडली पाहिजेत असा नियम. जिथं वेस ठेवायची तिथं नांगर उचलून धरायचा, कारण नांगरलेली रेघ पवित्र, ती ओलांडायची नाही, मग माणसं आणि कचरा जायला यायला वाट नको का, म्हणून तेवढी जागा न नांगरता सोडायची. भाऊ रेमसनं चेष्टेनं ती हद्द ओलांडली आणि जिवानिशी गेला. पुढं रोमन लोक नवीन वसाहत करायचे तेव्हा हाच विधी करायचे, त्यांच्या वसाहतींच्या नाण्यांवर नांगर धरलेला माणूस असतो. आणि उलटही करायचे. शत्रूचं गाव कायमचं मोडायचं असेल तर त्याच्यावरनं नांगर फिरवायचे. वसवायलाही नांगर, मोडायलाही नांगर.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण ही गोष्ट मला पाठ होती हो, कसब्यात वाढलेल्या कुठल्याही पोराला पाठ असते. १६३० च्या सुमाराला आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, आणि नुसतं जाळून भागलं नाही तर गाढवांचा नांगर फिरवला गावावरनं, लोखंडी पहार ठोकली, तिला फाटकी वहाण टांगली, म्हणजे इथं परत कुणी वस्ती करायची नाही, करेल त्याचा निर्वंश. आणि मग जिजाऊ बाळ शिवबाला घेऊन आल्या, पहार उपटून टाकली आणि त्याच जमिनीत सोन्याच्या फाळाचा नांगर धरला. गाव परत वसलं. ते आज आपण.

म्हणजे बघा, रोमला दोन्ही नांगर माहीत होते आणि आपल्यालाही दोन्ही माहीत होते. त्यांनी आपल्याकडनं घेतलं की आपण त्यांच्याकडनं असला वाद मी घालत नाही, तो घालायला आपल्याकडं पुष्कळ तज्ज्ञ आहेत, दर पेठेत चार. मला एवढंच दिसतं की ती लांडगीण बघायला मी दीड लाखाचं तिकीट काढून, मधे विमान बदलून, रात्रभर मान अवघडवून गेलो, आणि हा नांगर माझ्या घरापासनं वीस मिनिटांवर आहे. लाल महालात जिजाऊ आणि शिवबांचा नांगर धरलेला पुतळा आहे. मी त्याच्यावरनं आयुष्यात हजार वेळा गेलो असेन, शनिवारवाड्याला पाहुणे न्यायचे, येताना उजवीकडं हात करून "हा लाल महाल" म्हणायचं आणि पुढं. पाहुणे पण मान डोलवतात आणि भेळ कुठं मिळेल विचारतात.

आणि नुसता नांगरच कशाला. रोमचं आणि आपलं देणं-घेणं होतंच की, तेही खोटं नाही, अगदी हिशेबातलं. प्लिनी म्हणून रोमन लेखक होऊन गेला, तो पहिल्या शतकात कुरकुर करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स (त्यांची नाणी) ओढून नेतो. (हे वाचून मला आमचे एक जुने शाखाधिकारी आठवले, त्यांचा सूर असाच असायचा.) ते पैसे कुठं गेले, तर बंदरांवर उतरून घाट चढून वर आलेच असणार, आणि घाट म्हणजे आपला नाणेघाट, जुन्नरच्या डोक्यावरचा, जिथं जकातीचा म्हणून दगडी रांजण अजून दाखवतात. आपण तिथं पावसाळ्यात जातो, उलटा धबधबा, फोटो, मॅगी.

जुन्नरच्या लेण्यांमधे दान देणाऱ्यांचे लेख आहेत त्यात यवन आहेत. यवन म्हणजे त्या काळी पश्चिमेकडनं आलेला, ग्रीक-रोमन जगातला माणूस. एका लेखात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दान दिल्याचं लिहिलंय. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कोण कुठला हा इरिल, समुद्र ओलांडून आला, जुन्नरच्या उन्हात त्याला तहान लागली असेल, त्यानं पाण्याची सोय करून ठेवली. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला आपण जातो, तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवरही धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची नावं आहेत, खांब त्यांनी दिले म्हणून. नेवाशाला १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा रोमन दारूचे, तेलाचे ते दोन कानांचे उंच कुंभ असतात त्यांची खापरं मिळाली. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटीशी मूर्ती सापडली, ती टाऊन हॉल म्युझियममधे आहे. आणि जाण्याचं म्हणाल तर व्हेसुव्हियस फुटून सन ७९ मधे गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, अगदी आपल्याकडची, तशाच बाया आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. ती आता नेपल्सच्या म्युझियममधे उभी आहे. माहेर मराठवाडा, सासर इटली. आपली एक लेक दोन हजार वर्षं तिकडं आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

आमची ही गळ्यात पुतळ्यांची माळ घालते, तिच्या आजेसासूची, लग्नाकार्यातच बाहेर निघते. त्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरनं उचललेली नक्षी आहे हे मला बँकेत असताना एका सराफानं सांगितलं होतं, तेव्हा मी लक्षही दिलं नव्हतं. आता सांगितलं तर ही म्हणाली, म्हणजे पुतळा गळ्यात घालून फिरतो आपण, आणि चौकातल्याला कुलूप लावतो.

म्हणून त्या पंधरा दिवसांपूर्वीच्या पत्रलेखकांना माझं सांगणं आहे की साहेब, पुतळे फार झालेत हे तुमचं बरोबरही असेल, पण माझी तक्रार वेगळी आहे. आहेत त्यांच्यापाशी जाता येत नाही ही खरी अडचण. मंडईतला टिळकांचा पुतळा बघा, १९२४ सालचा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झालेला, लहानपणी आईचा हात सुटला तर टिळकांपाशी येऊन थांबायचं असं आम्हाला सांगून ठेवलेलं असायचं, आणि मी दोनदा थांबलोय. एकदा रडत, एकदा पेरू खात. तो पुतळा माझा आहे. शिल्पकार करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालचा, म्हणजे तिमिशोआराच्या लांडगिणीपेक्षा दोनच वर्षांनी धाकटा, आणि कारागिरीत तिच्या दहा पावलं पुढं, हे मी आता दोन्ही बघून सांगतो. तिकडची नक्कल आहे, आपला अस्सल. घोड्याच्या पायाच्या शिरा बघा कधी थांबून. पण थांबणार कुठं आणि कोण.

मी एक उद्योग केला. आल्यावर जून महिन्यात एका कचेरीत गेलो, कुठल्या ते राहू द्या, अर्ज घेऊन, की नांगराच्या पुतळ्यापाशी दगडी बाकडं ठेवा आणि साधा, वाचता येईल असा मराठी बोर्ड लावा, त्यात सगळी गोष्ट लिहा, सोन्याच्या नांगराची लिहाच पण आधीची गाढवांची पण लिहा. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज नीट वाचला, हे विशेष, आणि विचारलं, "काका, गाढवं कशाला? कुणाला तरी लागेल ते." मी म्हणलं लागू दे की, गाढवं नसतील तर सोन्याचा नांगर कशासाठी होता हे पोरांना कळणार कसं, नुसतं शेत नांगरतायत असंच वाटणार ना. त्या हसल्या, म्हणाल्या हा आमचा विभाग नाही, मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर द्या. दुसऱ्या मजल्यावर जेवणाची सुट्टी होती. नंतर गेलो तर आवक-जावकचा शिक्का मारून घेतला आणि पावती दिली, ती माझ्याकडं आहे. श्रावण गेला, गणपती झाले, पावती आहेच.

माझी मागणी फार नाही. नवीन पुतळा नको, उद्घाटन नको, पाहुणे नकोत. एक बाकडं, एक बोर्ड. बोर्डावर मंत्र्याचं नाव नसलं तर उत्तमच पण असलंच तर गोष्टीपेक्षा लहान अक्षरात. आणि त्यात एक ओळ रोमची पण घालावी असं मला वाटतं, की इथनं लांब समुद्रापलीकडं अजून एक गाव असंच नांगरानं वसलं होतं आणि तिथला इरिल नावाचा कुणी ओळखीचा आपल्या जुन्नरात पाणी ठेवून गेलाय. बरं इरिल नक्की रोमचाच असं म्हणवत नाही, तेव्हा ती ओळ कुणी जाणकारानं तपासून लिहावी, डेक्कन कॉलेज काही लांब नाही.

आता शेवटचं. नातू दिवाळीच्या सुट्टीत येतोय. परवा व्हिडिओ कॉलवर त्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली, मुरार जगदेव, पहार, फाटकी वहाण, गाढवं, मग जिजाऊ, सोन्याचा फाळ. त्यानं शांतपणे ऐकलं आणि दोन प्रश्न विचारले. एक, जिजाऊंनी दरवाज्याच्या जागी नांगर उचलला होता का. दोन, नांगर ओढल्यावर त्या गाढवांचं पुढं काय झालं. आजीला पिल्लांचा प्रश्न पडतो, नातवाला गाढवांचा, घराणंच तसलं. मला दोन्ही उत्तरं माहीत नाहीत. तुमच्या वाचकांपैकी कुणाला माहीत असतील तर कृपया दिवाळीच्या आत छापा, मला त्याला घेऊन लाल महालात जायचंय.

आपला,
एक निवृत्त कॅशियर
कसबा पेठ, पुणे

ता. क. तिमिशोआराला कुणी जाणार असेल तर लांडगीण संध्याकाळी सातनंतर बघा, उन्हं तिरपी झाली की बरगड्या नीट दिसतात. बाकडं कारंज्याच्या बाजूचं घ्या, दुसऱ्यावर कबुतरं असतात.